सायमन, होअर, आयर्विन : आपल्या ओळखीची मंडळी आणि अबिसीनियाचा बळी

जुनी_वही (धागाकर्ती)

शाळेच्या इतिहासात ही नावं एकेका ओळीत येऊन जातात. सायमन म्हणजे काळे झेंडे आणि 'परत जा'. आयर्विन म्हणजे गांधी-आयर्विन करार. सॅम्युअल होअर त्या मानाने कमी प्रसिद्ध; पण १९३५च्या कायद्यामागचे भारतमंत्री तेच, आणि मार्च १९३२मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून आमरण उपोषणाचा इशारा देणारं पत्र लिहिलं तेही यांनाच. त्यातून पुढे पुणे करार झाला, ते सगळ्यांना माहीत आहे.

पुस्तकात जे येत नाही ते असं. नोव्हेंबर १९३१ ते डिसेंबर १९४० या नऊ वर्षांत ब्रिटनमध्ये चार परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यातले तीन हेच. जून १९३५पर्यंत सायमन, मग जेमतेम सहा महिने होअर, मधे अँथनी ईडन, आणि फेब्रुवारी १९३८पासून लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजे आपले आयर्विनच, वडिलांच्या पश्चात नवी पदवी घेऊन आलेले. जपानने मांचुरिया गिळला तेव्हा सायमन, इटलीने अबिसीनियावर हात टाकला तेव्हा होअर, हिटलरने ऑस्ट्रिया आणि झेकोस्लोव्हाकिया घेतले तेव्हा हॅलिफॅक्स. मांचुरियाच्या चौकशीला राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) ज्यांना पाठवलं ते लॉर्ड लिटन तर जन्मानेच सिमल्याचे, बंगालचे माजी गव्हर्नर. भारतात 'आयोग नेमू, अहवाल मागवू, मधला मार्ग काढू' यात हात बसलेली ही माणसं. तोच खाक्या मुसोलिनीपुढे चालेल असं त्यांना वाटलं.

या धाग्यात मला फक्त अबिसीनियाबद्दल (आजचा इथिओपिया) लिहायचंय. झेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देणाऱ्या १९३८च्या म्यूनिक करारावर सगळेच बोलतात. माझ्या मते खेळ त्याआधीच, १९३५-३६मध्ये हरला गेला.

थोडक्यात हकीकत. १ मार्च १८९६ला अडोवाच्या लढाईत सम्राट मेनेलिकने इटलीची फौज धुळीला मिळवली होती. तो डंख इटलीच्या मनातून गेला नव्हता. १९२३मध्ये अबिसीनिया राष्ट्रसंघाचा सभासद झाला. १९२८मध्ये इटलीने त्याच्याशी २० वर्षांचा मैत्री करारही केला! डिसेंबर १९३४मध्ये वालवाल नावाच्या पाणवठ्यावर चकमक झाली. जागा अबिसीनियाच्या हद्दीत, ठाणं इटलीचं, आणि माफी व भरपाई मागितली इटलीने. अबिसीनियाचा सम्राट हैले सेलासीने वाद राष्ट्रसंघाकडे नेला. तिथे नऊ-दहा महिने लवाद, समित्या, उपसमित्या चालल्या, आणि तेवढ्या वेळात इटलीची जहाजं सैन्य भरभरून सुएझमधून एरिट्रियाकडे, म्हणजे शेजारच्या आपल्याच वसाहतीकडे, जात राहिली. कालव्याची कंपनी त्यांच्याकडून रीतसर पट्टी घेत होती.

एप्रिल १९३५मध्ये इटलीत स्ट्रेसा इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इटली हिटलरविरुद्ध एकत्र बसले. सायमन होते, पंतप्रधान मॅकडोनाल्ड होते. मुसोलिनीच्या समोर बसून या दोघांपैकी एकानेही अबिसीनियाचा विषय काढला नाही. समोरच्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा तोच घेतला.

३ ऑक्टोबर १९३५ला युद्ध न पुकारता इटलीचं सैन्य मारेब नदी ओलांडून आत शिरलं. आठवडाभरात राष्ट्रसंघातल्या ५०च्या वर देशांपैकी जवळजवळ सगळ्यांनी इटलीला आक्रमक ठरवलं आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले. इतक्या झपाट्याने राष्ट्रसंघ आधी कधी हलला नव्हता.

आता त्या निर्बंधांची यादी पाहा. रबर, कथील, निकेल, मँगनीज यांवर बंदी. घोडे, गाढवं, खेचरं आणि उंट यांवर बंदी. ॲल्युमिनियमवर बंदी, जे इटलीकडे स्वतःचंच गरजेपेक्षा जास्त होतं. कोळसा, पोलाद आणि तेल यांवर मात्र काही नाही. रणगाडे, ट्रक आणि विमानं घेऊन डोंगराळ मुलुखात शिरलेल्या फौजेला खेचरं मिळणार नाहीत, पेट्रोल मिळेल!

राष्ट्रसंघाला दात नव्हते हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलेय. मला ते पटत नाही. दात होते. तेल होतं, सुएझ होता. ज्यांच्या तोंडात ते दात होते त्यांना चावायचं नव्हतं, आणि चावायचं नाही हे मुसोलिनीला आधीपासून ठाऊक होतं. रोममधल्या ब्रिटिश वकिलातीतले कागद इटलीचे हेर सर्रास चोरून वाचत होते.

बाकी प्रतिसादांत.

चहाबिस्कीट

वाचतोय. होअर-लावाल करारावर जरा विस्ताराने येऊ द्या की. नुसतं नाव ऐकून आहे.

रानवारा

बूड टेकलंय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

दर्यावर्दी

लेख आवडला, पण एकतर्फी आहे. या कालव्यातून नोकरीनिमित्त अनेकदा गेलोय, म्हणून थोडं लिहितो. सुएझ बंद करणं म्हणजे सोसायटीचं फाटक लावणं नव्हे. १८८८च्या करारानुसार हा जलमार्ग शांततेत आणि युद्धातही सर्व देशांच्या जहाजांना खुला ठेवायचा आहे. ब्रिटनने तो एकट्याच्या हिमतीवर बंद केला असता तर इटलीशी थेट युद्ध. मग जिंकलं असतंच ना? असतं. ब्रिटिश आरमाराचे अधिकारीही विजयाबद्दल साशंक नव्हते. पण त्यात चार-सहा मोठी जहाजं बुडाली असती तर पूर्वेला जपानसमोर काय उभं करणार? सिंगापूरचा तळ तेव्हा पुरा झालेला नव्हता. माल्टावर इटलीची विमानं येतील म्हणून भूमध्य समुद्रातला ताफा अलेक्झांड्रियाला हलवावा लागला होता. विमानविरोधी दारूगोळा अपुरा. तीन शत्रू, एक आरमार. आज घरात बसून 'चावायला हवं होतं' म्हणणं सोपं आहे.

जुनी_वही

@दर्यावर्दी, मुद्दा रास्त आहे. सुएझ सोडून देऊ. पण तेलाचं काय? तेल थांबवायला एक तोफ उडवावी लागत नव्हती. तेलबंदीचा ठराव जिनिव्हात, राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात, चर्चेला होता आणि तो पुढे ढकलण्याची खटपट फ्रान्सचे पंतप्रधान लावाल करत होते, लंडनला तेच सोयीचं होतं. हिटलरचा दुभाषी श्मिट याने नंतर लिहून ठेवलंय, की म्यूनिकच्या वेळी मुसोलिनी हिटलरला म्हणाला होता, तेलावर निर्बंध आले असते तर आठवड्याभरात मला अबिसीनियातून माघार घ्यावी लागली असती. फुशारकी मारणारा माणूस होता, मान्य. पण ही फुशारकी नव्हे, उलट आहे.

@चहाबिस्कीट, आता तो करार. आधी पार्श्वभूमी पाहा, कारण खरी गंमत त्यात आहे. ११ सप्टेंबर १९३५ला होअर यांनी जिनिव्हात आक्रमणाविरुद्ध सामूहिक प्रतिकाराचं असं खणखणीत भाषण ठोकलं की छोट्या देशांचे प्रतिनिधी हरखून गेले. त्याआधी जूनमध्ये ब्रिटनमधल्या शांतता मतचाचणीत १ कोटीहून अधिक लोकांनी आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालावेत असा कौल दिला होता. नोव्हेंबरमध्ये नवे पंतप्रधान बाल्डविन यांनी राष्ट्रसंघाच्या पाठिंब्याचं नाव घेत निवडणूक मारली. आणि ७-८ डिसेंबरला हेच होअर स्वित्झर्लंडला सुट्टीवर जाता जाता पॅरिसला उतरले आणि लावालबरोबर बसून नकाशावर रेघा मारून मोकळे झाले. काही प्रदेश थेट इटलीला, दक्षिणेचा मोठा भाग इटलीच्या आर्थिक ताब्यात. दोन्ही धरून देशाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग. बदल्यात हैले सेलासीला समुद्राकडे जाणारी एक चिंचोळी पट्टी. लंडनच्या टाइम्सने तिला 'उंटांची वाट' म्हणून झोडपलं.

बातमी एक-दोन दिवसांत पॅरिसच्या वर्तमानपत्रांत फुटली. ब्रिटनभर संताप. तोवर होअर स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर स्केटिंग करताना भोवळ येऊन पडले आणि नाक मोडून घेतलं. १८ डिसेंबरला राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी नाकाला पट्टी लावून सभागृहात निवेदन केलं. आणि जून १९३६मध्ये नौदलमंत्री म्हणून मंत्रिमंडळात परत! सहा महिन्यांत.

चहाबिस्कीट

म्हणजे उंटांची निर्यात बंद, पण वाट मात्र उंटांची. काय डोकं आहे.

सातारी_कंदी

होअर-मुसोलिनी संबंध त्याहून जुने आहेत. १९१७मध्ये होअर रोममध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्याचे प्रमुख होते. इटलीने पहिल्या महायुद्धातून अंग काढून घेऊ नये म्हणून एका युद्धखोर वर्तमानपत्राच्या संपादकाला ते आठवड्याला १०० पौंड पुरवत होते. संपादकाचं नाव बेनितो मुसोलिनी.

रानवारा

हे खरं आहे?? @सातारी_कंदी

सातारी_कंदी

खरं आहे. केंब्रिजच्या एका इतिहासकाराने होअरच्या कागदपत्रांतून ते बाहेर काढलं आणि २००९मध्ये बातम्याही आल्या होत्या.

परखड_पाटील

एवढं सगळं वाचून एकच प्रश्न. ब्रिटन आणि फ्रान्स स्वतः काय धुतल्या तांदळासारखे होते? अर्धी आफ्रिका खाऊन ढेकर दिलेले लोक इटलीला सांगणार की बाबा रे, दुसऱ्याचं घेऊ नये? मुसोलिनी हेच म्हणत होता आणि त्यात काय खोटं होतं? शिवाय अबिसीनियात गुलामगिरी होतीच.

निळी_शाई

@पाटील, ब्रिटन ढोंगी होतं यावर वादच नाही. पण ढोंग्याने चोराला सोडून दिलं म्हणून चोर निर्दोष होत नाही. गुलामगिरीचं निमित्त इटलीने पुढे केलं हे खरं, आणि ती संपवायला काय घेऊन आले? मस्टर्ड वायू. १९२५चा जिनिव्हाचा विषारी वायूबंदीचा करार इटलीने १९२८मध्ये स्वतः मान्य केला होता. डिसेंबर १९३५च्या अखेरीस टाकाझे नदीच्या खोऱ्यात आधी पिंपांतून, बॉम्बमधून आणि पुढे विमानांतून फवारून तो टाकला गेला. पायात वहाण नसलेले शेतकरी-सैनिक आणि त्यांची जनावरं. गवतावर, ओढ्याच्या पाण्यावर पडलेला हा द्रव दिसायला निरुपद्रवी. त्यावरून चाललं की काही तासांत पाय सोलून निघत. ३० डिसेंबरला मेल्का डिडा इथला स्वीडिश रेडक्रॉसचा तळ बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला. रेडक्रॉसचे प्रतिनिधी डॉक्टर मार्सेल जुनो यांनी हे भोगणारी माणसं डोळ्यांनी पाहिली आणि नंतर लिहिलंही.

हे सगळं जिनिव्हात तारांनी कळवलं जात होतं. इटलीचं उत्तर आधी 'असं काही नाही'. इटलीने वायू वापरल्याची सरकारी पातळीवरची कबुली १९९६मध्ये आली.

परखड_पाटील

वायूचं समर्थन मी केलेलं नाही. माझा मुद्दा दुटप्पीपणाचा होता, तो तसाच आहे.

जुनी_वही

@पाटील, तो मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूने जातो. अबिसीनिया काळ्या लोकांचा देश नसता तर होअर-लावालनी असा नकाशा काढला असता का, याचं उत्तर आफ्रिका-आशियातल्या लोकांनी तेव्हाच दिलं होतं. काँग्रेसनेही १९३६च्या लखनौ अधिवेशनात अबिसीनियाला सहानुभूतीचा ठराव केला. आणखी एक विचित्र गोष्ट : भारत गुलाम असूनही राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता! म्हणजे दिल्लीच्या सरकारने भारताच्या नावाने इटलीवर निर्बंध घातले, आणि त्या सरकारला भारतीयांनी निवडलेलं नव्हतं. १९३७मध्ये राष्ट्रसंघाच्या सभेचे अध्यक्ष झाले आगाखान. पुण्यातला महाल ज्यांचा, तेच.

लालबावटा

भांडवलशाही देशांकडून दुसरी अपेक्षा नव्हती. त्या काळात जिनिव्हात सामूहिक सुरक्षिततेची बाजू एकट्या सोव्हिएत संघाचे परराष्ट्रमंत्री लिट्विनॉव्ह यांनी लावून धरली.

दर्यावर्दी

आणि तेल कोण विकत होतं कॉम्रेड? रुमानियाबरोबर तुमचा सोव्हिएत संघच. अमेरिकेचंही वाढलं. रुझवेल्ट 'नैतिक बंदी'चं आवाहन करत राहिले आणि टँकर जात राहिले.

लालबावटा

इतरांनी थांबवलं तर आम्हीही थांबवू, असं मॉस्कोने जाहीर केलं होतं. एकट्याने थांबवून इटलीला फरक पडणार नव्हता.

दर्यावर्दी

प्रत्येक देश नेमकं हेच म्हणत होता. :)

नाशिककर_१

अवांतर : मुसोलिनीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचंही बोलूया. डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले. तिथल्या तरुणांच्या लष्करी शिक्षणाच्या संस्था पाहून फार प्रभावित झाले, रोजनिशीत सविस्तर नोंद आहे. आमच्या नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल त्यांनीच १९३७मध्ये काढली. उलट मार्च १९३६मध्ये नेहरू कमलाबाईंच्या निधनानंतर युरोपातून परतताना रोमला उतरले, मुसोलिनीचा भेटीचा आग्रह होता, तो त्यांनी शेवटपर्यंत नाकारला.

परखड_पाटील

गांधीजीही डिसेंबर १९३१मध्ये भेटले होते की. टागोर १९२६ला पाहुणचार घेऊन आले. ते सांगा ना.

नाशिककर_१

सांगतो. टागोरांनी इटलीतून बाहेर पडल्यावर जाहीर टीका केली, हेही सांगतो.

संपादक

दोघांनाही विनंती, धाग्याचा काश्मीर करू नका. मुंजे-नेहरूंसाठी वेगळा धागा काढा. इथे अबिसीनिया.

रानवारा

मला एक कळत नाही. मुसोलिनीला दुखवायचं नाही कारण तो हिटलरविरुद्ध कामाला येईल, हे गणित चुकीचं कसं? जर्मनी खरंच मोठा धोका होता ना?

जुनी_वही

@रानवारा, हाच कळीचा प्रश्न आहे. गणित कागदावर बिनचूक होतं. जुलै १९३४मध्ये व्हिएन्नात नाझींनी चान्सलर डोलफुस यांचा खून केला तेव्हा ऑस्ट्रिया वाचवायला सरहद्दीवरच्या ब्रेनर खिंडीकडे फौजा हलवणारा एकटा मुसोलिनीच होता. म्हणून त्याला धरून ठेवायचं. पण मग पूर्ण धरा! किंवा राष्ट्रसंघाच्या बाजूने पूर्ण उभे राहा. यांनी काय केलं? त्याला चिडवण्याइतपत निर्बंध घातले, अडवण्याइतपत घातले नाहीत. इटलीत जनता उलट मुसोलिनीमागे गेली. १८ डिसेंबर १९३५ला रोममध्ये राणी एलेनासह बायकांनी लग्नाच्या अंगठ्या देशासाठी वाहिल्या, बदल्यात लोखंडी कडी घेतली.

आणि हिटलर? त्याने गुपचूप अबिसीनियालाच शस्त्रं पुरवली. युद्ध लांबलं तर इटली तिथे अडकेल, पाश्चात्त्यांशी बिघडेल, आणि शेवटी आपल्याच दारात येईल. तसंच झालं. सगळ्यांचं लक्ष आफ्रिकेत असताना ७ मार्च १९३६ला त्याचं सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे करारांनी सैन्याला बंदी असलेल्या जर्मन पट्ट्यात, शिरलं. त्यावर काही करायचं तर इटलीची साथ हवी, आणि इटलीवर तर निर्बंध. फ्रान्सने ब्रिटनकडे पाहिलं, ब्रिटनने फ्रान्सकडे. ऑक्टोबर १९३६मध्ये रोम-बर्लिन आस (ॲक्सिस), म्हणजे मुसोलिनी-हिटलरची युती. मार्च १९३८मध्ये हिटलर ऑस्ट्रियात शिरला तेव्हा ब्रेनरवर इटलीचा एकही शिपाई हलला नाही. दोन दगडांवर पाय ठेवून दोन्ही दगड गेले.

निळी_शाई

शेवटचा अंक कुणी लिहिलाच नाही म्हणून लिहिते. ३१ मार्च १९३६ला मायचौला सम्राटाची शेवटची मोठी लढाई झाली आणि ती हरली. २ मेला तो अदिस अबाबा सोडून गेला, ५ मेला इटलीचा सेनापती बादोल्यो शहरात शिरला. ३० जूनला हैले सेलासी जिनिव्हात सभेसमोर उभा राहिला. बोलायला तोंड उघडतो तोच वरच्या गॅलरीतून इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या आणि शिव्या सुरू केल्या. रुमानियाचे तितुलेस्कु ओरडले, या रानटी लोकांना बाहेर काढा. सम्राट शांत उभा राहिला, मग आपल्या अम्हारिक भाषेत बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि चार दिवसांनी त्याच सभेने निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. ब्रिटनचे अर्थमंत्री चेंबरलेन तर ते चालू ठेवणं म्हणजे निव्वळ वेडेपणा, असं १० जूनलाच बोलून गेले होते.

सम्राटाचं भाषण आणि निर्बंध उठवणं यांच्या मधली एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. ३ जुलैला श्टेफान लुक्स नावाच्या झेकोस्लोव्हाकियातल्या ज्यू पत्रकाराने भर सभेत स्वतःवर गोळी झाडून घेतली. जर्मनीतल्या ज्यूंचं काय चाललंय तिकडे लक्ष जावं म्हणून. कामकाज थोडं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

बेळगावचा_बाळू

मस्त धागा. थोडी आमच्याकडची भर. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांत 'केरेन' आहे. केरेन म्हणजे एरिट्रियातला तोच डोंगराळ मुलूख, जिथून १९३५मध्ये इटलीने स्वारीची तयारी केली. फेब्रुवारी-मार्च १९४१मध्ये चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनने तिथे सरळ सुळक्यांवर चढत लढाई केली आणि २७ मार्चला केरेन पडलं. ५ मे १९४१ला हैले सेलासी अदिस अबाबात परतला, बादोल्यो शिरला होता त्याला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी. पुढे पलटणी खुद्द इटलीत गेल्या. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. १९३५मध्ये तेलाचे नळ बंद झाले असते तर यातलं किती टळलं असतं हे मला सांगता येणार नाही, पण विचार येतो.

चहाबिस्कीट

@बाळू, +१. आणि हे युद्ध आपल्यावर लादलं तेव्हा विचारलं कुणी होतं? ३ सप्टेंबर १९३९ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी परस्पर जाहीर केलं. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने त्याच कारणावरून नोव्हेंबरात राजीनामा दिला.

रानवारा

आणि आयर्विनसाहेब? त्यांचं राहिलंच.

जुनी_वही

त्यांच्यावर वेगळा धागा काढणार आहे, कारण मामला मोठा आहे. सध्या एवढंच. नोव्हेंबर १९३७मध्ये ते बेर्ख्टेसगाडेनला, हिटलरच्या डोंगरातल्या घरी, त्याला भेटायला गेले. गाडीतून उतरताना समोर काळी पँट घातलेला माणूस दिसला, त्याला नोकर समजून अंगावरचा कोट देणार होते; बरोबरच्याने कानात सांगितलं, अहो, हेच ते. त्याच भेटीत हिटलरने या माजी व्हाइसरॉयना भारताबद्दल सल्ला दिला : गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसचे डझनभर पुढारी मारा, मग दोनशे. त्या ब्रिटिश शिष्टमंडळातल्या अधिकाऱ्याने हे लिहून ठेवलंय. आयर्विन यांनी गांधीजींबरोबर समोरासमोर बसून करार केला होता. समोरचा माणूस कोणत्या जातकुळीचा आहे हे कळायला याहून जास्त काय हवं होतं? तरी चर्चा पुढे चालू राहिली.

कोर्टकचेरी

वकिलांच्या कामाचा एक तुकडा टाकून जातो. हैले सेलासी इंग्लंडात बाथ शहरी राहत होता, पैशाची तंगी. केबल अँड वायरलेस कंपनीकडे अबिसीनियाच्या तारसेवेच्या हिशेबातले सुमारे दहा हजार पौंड येणे होते, त्यासाठी त्याने लंडनच्या कोर्टात दावा लावला. जुलै १९३८मध्ये जिंकला. कोर्ट म्हणालं, देश इटलीच्या ताब्यात असला तरी ब्रिटिश सरकार कायद्याने अजून यांनाच सम्राट मानतं. कंपनीने अपील केलं. अपील सुनावणीला यायच्या आत, १६ नोव्हेंबर १९३८ला, हॅलिफॅक्स यांच्या खात्याने मुसोलिनीशी केलेला समझोता अमलात आणून इटलीच्या राजाला अबिसीनियाचा सम्राट म्हणून मान्यता दिली. डिसेंबरमध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला : पैसे आता इटलीच्या राजाचे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निवाडा अजून शिकवतात, सरकारच्या मान्यतेचा परिणाम मागल्या तारखेपासून कसा लागू होतो त्याचं उदाहरण म्हणून.

चहाबिस्कीट

खर्च कुणावर बसवला?

कोर्टकचेरी

ते निकालपत्र उघडून बघावं लागेल. सोमवारी सांगतो.